प्रीतिभोजन म्हणजे लग्नातला बुफे होऊ नये म्हणून काय करावं? (नाशिकरोड, साधारण ८० माणसं)

नाशिकरोडकर

सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) महिन्यातून एकदा उपासनेनंतर प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, असतं. बुफे लागतो, रांग लागते, प्रत्येक घर आपापल्या प्लेटा घेऊन एका कोपऱ्यात उभं राहतं आणि वीस मिनिटांत हॉल रिकामा. जेवण चांगलं असतं, तक्रार त्याबद्दल नाही. पण "दोघे किंवा तिघे जमले तिथे मी आहे" हे वचन आपण दर वेळी वाचतो आणि लगेच प्लेटा उचलतो, एवढंच होतं.

यंदा पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) संध्याकाळी वेगळ्या पद्धतीने करायचं कमिटीने ठरवलं आहे. माणसं ८०, त्यात वीसेक मुलं आणि दहा-बारा गुडघेदुखीवाले ज्येष्ठ. काहींचे हिंदू नातलग आणि शेजारीही येतात. मंडळीत पेठ-सुरगाण्याकडचे आहेत, नगरकडचे आहेत, दोन-तीन केरळी आणि तमिळ घरंही आहेत. विचारायचं ते असं:

प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, त्यातच घ्यायचं की वेगळं? क्रम कसा ठेवावा? ख्रिस्त आपल्यात बसला आहे ही जाणीव व्हावी, पण नाटक वाटू नये, हे कसं जमतं? आणि एकदम व्यवहाराचं: किती काय लागेल? काही जण "वल्हांडणाचं (ज्यूंच्या सणाचं) जेवण करू या, कोकरू, कडू भाजी वगैरे" असं सुचवत आहेत, त्याबद्दलही सांगा.

शरणपूर_रोड

सलाम. आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. प्रभुभोजन हा संस्कार आहे. त्याचा विधी ठरलेला आहे आणि तो पाळकसाहेबांच्या हाती आहे. प्रीतिभोजन हे जेवण आहे. बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रावरून पहिल्या शतकात दोन्ही एकत्र चालत असं दिसतं. पुढे ती वेगळी झाली, आणि चौथ्या शतकात लावदिकीयाच्या परिषदेने चर्चच्या वास्तूत प्रीतिभोजनं घालायलाच मनाई केली. पंगत उठली ती जवळजवळ कायमचीच. १७२७ साली जर्मनीत हर्नहूटच्या मोरेवियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळीने ती पुन्हा सुरू केली आणि मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने त्यांच्याकडून घेतली. मोरेवियन लोकांकडे आजही साधारण बन आणि कॉफी एवढंच असतं. म्हणजे पदार्थांची संख्या वाढवून तुमचा प्रश्न सुटणार नाही हे धरून चला.

माझं मत: गुरुवारी प्रभुभोजन चर्चमध्ये, नेहमीच्या विधीने, जेवणानंतर. जेवण आधी, हॉलमध्ये. मधे पंधरा मिनिटं ठेवा, हात-तोंड धुऊन लोक शांत होतील. उलटं केलं तर प्रभुभोजनानंतर गप्पांचा आणि भांड्यांचा गोंधळ होतो आणि त्या रात्रीचा भाव निघून जातो.

आता मुख्य. बुफे काढून टाका. बाकी काहीच केलं नाही तरी एवढं करा. १ करिंथ ११ मध्ये पौल रागावला आहे तो अन्नावर नाही. प्रत्येक जण आपलंच जेवण आधी उरकतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो, यावर रागावला आहे. त्या काळच्या मोठ्या घरांतल्या जेवणखोलीत तीन बाजूंच्या बैठकांवर मिळून नऊ माणसं बसायची पद्धत होती, बाकीचे बाहेरच्या चौकात. आत कोण आणि बाहेर कोण बसलं असेल हे सांगायला नको. पौलाचा उपाय त्याच अध्यायाच्या ३३ व्या ओवीत आहे: एकमेकांसाठी थांबा. बुफेची रचनाच अशी की कोणी कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे त्यावर कितीही सुंदर प्रार्थना केली तरी ती वरवरची राहते.

बसण्याची रचना अशी करा. आठ-आठ जणांचे दहा गट. दारात टोपलीत दहा रंगांच्या चिठ्ठ्या, प्रत्येक रंगाच्या आठ. ज्याला जो रंग येईल त्या गटात तो बसेल. अपवाद दोनच: लहान मूल आईजवळ, आणि ज्यांना आधार लागतो ते ज्येष्ठ त्यांच्या माणसाजवळ. ज्येष्ठांसाठी दोन गट टेबल-खुर्च्यांवर ठेवा, पण त्या गटांतही तरुण मिसळा. म्हाताऱ्यांची वेगळी पंगत झाली की तिथे कोणी जात नाही. पाहुण्यांचं खास टेबल, पंचांचं टेबल, पाळकसाहेबांचं टेबल यांतलं काही नको. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय याच विषयावर आहे.

जमिनीवर गोल करून आठ माणसं बसायला अंदाजे ९ बाय ९ फूट जागा लागते. दहा गटांना मधल्या वाटांसह हजार-अकराशे चौरस फूट. हॉल लहान असेल तर सरळ पंगत घाला: माणशी दोन फूट, समोरासमोरच्या दोन ओळींत वाढायला चार फूट. मग "गट" म्हणजे समोरासमोरचे चार-चार जण.

क्रम:

६.३० ला सगळे बसलेले. अन्न आधीच प्रत्येक गटाच्या मध्यभागी, झाकलेलं. लूक २४ मधल्या २८ ते ३५ ओव्या एकाने वाचाव्या, माईकशिवाय. त्यावर भाषण नको.

मग उपकारस्तुती, दोन-तीन वाक्यांची. प्रत्येक गटात एक अख्खी भाकरी असेल. गटातल्या एकाने ती उचलून मोडावी आणि शेजाऱ्याला द्यावी, नाव घेऊन: "सुमनताई, घ्या." शेजाऱ्याने तिच्यातून मोडून पुढच्याला. मोडणाऱ्याला तुकडा सगळ्यात शेवटी, फेरी पूर्ण होऊन मिळेल. "हे ख्रिस्ताचे शरीर" वगैरे शब्द इथे वापरू नका, ते संस्काराचे आहेत आणि लोकांचा गोंधळ होतो. नाव घेणं मात्र सोडू नका. वर्षानुवर्षं एका बाकावर बसणाऱ्यांना एकमेकांची नावं माहीत नसतात, ती इथे विचारावी लागतात.

सगळ्यांच्या हातात तुकडा आला की मग खायचं. हे थांबणं अर्ध्या-पाऊण मिनिटाचं असतं. मुलं चुळबुळतात, चालायचंच.

जेवण ३५ ते ४० मिनिटं. आपल्या ताटात आपण वाढून घ्यायचं नाही, शेजाऱ्याच्या ताटात वाढायचं. एवढ्या एका नियमाने गट बोलायला लागतो, कारण काही मागायचं तर तोंड उघडावंच लागतं. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे एक प्रश्न लिहा, सगळीकडे तोच. "देवाने तुमच्यासाठी काय केलं" असा नको, त्याला ठरलेली उत्तरं येतात. "या उपवासकाळात तुम्हाला कोणाची मदत घ्यावी लागली?" असा विचारा. मदत केल्याचं सगळे सांगतात, घेतल्याचं सांगताना माणूस खरं बोलतो. माईकवर साक्षी नकोत. माईक आला की दोघे बोलतात आणि अठ्ठ्याहत्तर ऐकतात.

७.२० ला हात धुणं, दिवे, एक-दोन भजनं, मग प्रत्येक गटात एकमेकांसाठी प्रार्थना. हा क्रम मनाचा नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने प्रीतिभोजनाचं वर्णन केलं आहे ते असंच: आधी प्रार्थना, भूक भागेल एवढंच खाणं, मग हात धुऊन दिवे लावून गाणं आणि शेवटी पुन्हा प्रार्थना. टाळ-मृदंग असेल तर आणा. ना. वा. टिळकांनी मराठी मंडळीला अभंग आणि भजनं दिली ती बाकावर ताठ बसून म्हणण्यापेक्षा मांडी घालून म्हटली की वेगळीच उतरतात.

शेवटी तीन मिनिटं पूर्ण शांतता. घड्याळ लावून. मग चर्चमध्ये.

वल्हांडणाबद्दल वेगळं लिहितो, जरा मोठं आहे.

पळी_पातेलं

शरणपूर_रोड यांनी बसवलं, मी वाढते.

पदार्थ कमी ठेवा, कारण प्रत्येक गटाला प्रत्येक पदार्थाचं वेगळं भांडं लागणार. सहा पदार्थ म्हणजे साठ भांडी. भाकरी, मटकीची उसळ, वरण, भात, काकडी, ताक. मुलांसाठी केळी. बस.

८० माणसांसाठी, वीस मुलं धरून:

तांदूळ ६ किलो. तूरडाळ ३ किलो. मटकी कोरडी साडेतीन किलो, मोड आल्यावर सात-आठ होते. कांदे ३ किलो, टोमॅटो २, काकडी ५, केळी २ डझन. तेल उसळ-वरणाला मिळून लिटरभर. दही ५ लिटर, त्यात दुप्पट पाणी घालून १५ लिटर ताक. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे पाच जार, धुण्याचं पाणी वेगळं.

भाकरी १२० लागतील, माणशी दीड. एका किलो ज्वारीच्या पिठात मध्यम नऊ-दहा होतात, म्हणजे बारा-तेरा किलो पीठ. एवढ्या एका जागी थापायला गेलात तर चार बायका दुपारपासून चुलीपुढे. त्यापेक्षा २४ घरांतून पाच-पाच आणा. पेठ-सुरगाण्याकडच्यांना नागलीच्या आणू द्या, बाकीच्यांना ज्वारीच्या. स्वयंपाकघराच्या दारात एकच मोठी टोपली, सगळ्या त्यात एकत्र. कोणाच्या घरून काय आलं, कोणी आणलंच नाही, याची यादी करू नका. डब्यांवर नावं लिहून टेबलावर मांडली की कोणाची भाजी संपली आणि कोणाची उरली याची चर्चा आठवडाभर चालते. ज्यांना आणणं जमत नाही ते चार वाजता काकडी चिरायला.

मोडायची भाकरी वेगळी, गटाला एक, जरा जाड, गरम पाण्यात मळलेली. ती पाऊण-एक तास आधी भाजून सुती कापडात गुंडाळा. तव्यावरची गरम भाकरी फाटते, मोडत नाही. चार तासांची झाली की भुगा होतो. पोळी या कामाची नाही, ती ओढावी लागते. अगदीच कोणी मिळालं नाही तर लादीपाव, न सुटलेली लादी तशीच ठेवा.

वेळापत्रक: मटकी बुधवारी सकाळी ७ ला भिजत, संध्याकाळी ५ ला उपसून फडक्यात. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात १४ तासांत मोड येतात, त्याहून जास्त ठेवली तर चिकट होऊन वास मारते. गुरुवारी सकाळी धुऊन फ्रीजमध्ये. उसळ ४ ला सुरू, वरण ४.३० ला, भात सगळ्यात शेवटी ५.३० ला. सहा किलोचा भात एका पातेल्यात लावू नका, खाली लागतो आणि वर कणी राहते. तीन-तीन किलोची दोन पातेली, प्रत्येकी सहा-साडेसहा लिटर पाणी, जुना तांदूळ असेल तर थोडं जास्त. ताक सहाला करा, आधी केलं की आंबतं.

भात आणि वरण शिजल्यापासून दोन तासांत पोटात गेलं पाहिजे. मोठ्या पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, हाताला "अजून गरम आहे" असं लागतं आणि नेमकं तिथेच नासतं. झाकण गच्च लावलं की आणखी लवकर. ओलं खोबरं उसळीत नको, त्याच कारणाने.

गटाला वाटणी: उसळ दीड लिटर, वरण पावणेदोन लिटर, भात पावणेदोन किलो, भाकऱ्या बारा. मोडायची जाड भाकरी वेगळी. ६.१५ ला भांडी भरून झाली पाहिजेत.

का, तर ६.३० ला स्वयंपाकघर बंद. हे लाल अक्षरात लिहा. प्रत्येक मंडळीत पाच-सहा बायका प्रीतिभोजनाला कधीच बसत नाहीत. त्या शेवटी उभ्या-उभ्या उरलेलं खातात आणि भांडी घासतात. चिठ्ठ्या त्यांनाही द्या, त्या आल्याशिवाय वाचन सुरू करू नका. कमी पडलं तर उठायचं ते पंचांनी आणि तरुण संघाच्या मुलांनी. भांडीही त्यांनीच. येशूने शिष्यांचे पाय धुतले ते योहान १३ त्या रात्रीचंच आहे ना.

नाशिकरोडकर

दोघांचेही आभार, हे छापून भिंतीवर लावतो. "मटणाशिवाय कसलं प्रीतिभोजन" असा एक पक्ष आमच्याकडे आहे आणि तो लहान नाही. दोन प्रकार ठेवले तर चालेल का, शाकाहारी वेगळं, मांसाहारी वेगळं?

देवळालीकर

नको. दोन प्रकार म्हणजे दोन पंगती, आणि दोन पंगती म्हणजे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलीच गोष्ट. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, यरुशलेमकडून माणसं आली तसा उठून वेगळा बसला, आणि पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. शिकवणीत फरक पडला नव्हता, ताट हललं होतं. रोमकर १४ आणि १ करिंथ ८ मधला उपाय सोपा आहे: ज्याला काहीही चालतं त्याने, ज्याला चालत नाही त्याच्यासाठी, एका संध्याकाळपुरतं सोडायचं. मटण पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) करा, त्या दिवशी शोभतंही. माणशी दीडशे ग्रॅम हाडासकट, म्हणजे १२ किलो. झाला पक्ष खूश.

हिंदू नातलग आणि शेजाऱ्यांबद्दल. कोण कोणाच्या हातचं खातो ही गोष्ट आपल्या मुलखात कधीच हलकी नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना धर्मसभेपुढे ओढलं गेलं आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. म्हणून निमंत्रणातच स्पष्ट लिहा: जेवण शाकाहारी आहे, आधी वाचन आणि प्रार्थना आहे, नंतर चर्चमधला विधी वेगळा आहे आणि जेवून निघालात तरी आनंदच आहे. आलेल्याला हातात पत्रक देणं, "तुम्हाला काय वाटलं?" असा आग्रह धरणं, यांतलं काही नको. लूक १४ मध्ये येशू परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलवायला सांगतो. धर्मांतराची अपेक्षा हीही परतफेडच झाली.

आणि मूळ प्रश्नाबद्दल थोडं खडूस बोलतो. "जाणीव व्हावी" म्हणून रचना करा, पण जाणीव झाली का, याची हजेरी घेऊ नका. अंधार, मेणबत्त्या, मंद की-बोर्ड, यांनी अंगावर काटा येतो, ते सिनेमागृहातही होतं. लूक २४ नीट वाचा. क्लयपा आणि त्याचा सोबती हे शिष्य वाटेत काही कोस पुनरुत्थित येशूबरोबर चालले, शास्त्र ऐकलं, तरी ओळखलं नाही. त्याला घरात राहायचा आग्रह त्यांनी केला. टेबलाशी पाहुण्याने भाकर घेऊन मोडली, म्हणजे यजमानाचं काम केलं, तेव्हा ओळख पटली आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. "आपलं अंतःकरण आतल्या आत पेटलं नव्हतं का" हे त्यांना नंतर आठवलं. जाणीव अनेकदा मागाहूनच येते, कुणाला शुक्रवारी भांडी लावताना, कुणाला येतही नाही. त्या माणसाची सहभागिता त्यामुळे कमी ठरत नाही. वरची तीन मिनिटांची शांतता ठेवा, पण नंतर "कोणाला काय वाटलं ते सांगा" असं विचारू नका.

त्र्यंबकनाका

जय ख्रिस्त. मी कॅथलिक बाजूने थोडं सांगतो, कारण तुमच्या घरांत कॅथलिक सुना-जावई असणारच.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे मिस्सा (आमची मुख्य उपासना) असते, पाय धुण्याचा विधी असतो आणि नंतर रात्री उशिरापर्यंत पवित्र संस्काराची आराधना. त्यामुळे त्या संध्याकाळी ते तुमच्याकडे येणार नाहीत. ज्यांना ख्रिस्तप्रसाद (तुमचं प्रभुभोजन) घ्यायचा आहे त्यांनी आधी निदान एक तास पाणी आणि औषध सोडून काही खाऊ नये असा नियम आहे. तुमच्यासारखी "आधी जेवण, पंधरा मिनिटांनी विधी" ही रचना आमच्या धर्मग्रामात करायची झाली तर मधे तासाभराचं अंतर लागेल. भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार हे उपवासाचे दिवस, तेव्हा पंगत ठेवायचीच नाही.

भाकरीचं वाचून एक सांगतो: प्रीतिभोजनाला ज्वारी-नागली उत्तम. मिस्सेत मात्र भाकर फक्त गव्हाचीच आणि ताजी, द्राक्षारस खरा द्राक्षांचा आणि न बिघडलेला, अशी कॅनन कायद्याची (कॅथलिक चर्चच्या कायद्याची) अट आहे. तिथे भाकरी वापरली तर तो संस्कारच होत नाही. आपापल्या चर्चचा नियम पाळकांना विचारून घ्यावा.

पण यातून एक दार उघडतं. ख्रिस्तप्रसाद आणि प्रभुभोजन एकमेकांकडे घेण्याला आमच्या बाजूने फार मोजके अपवाद सोडले तर परवानगी नाही. प्रीतिभोजनाला अशी आडकाठी नाही, कारण तो संस्कार नाही. नाशिकमध्ये कॅथलिक, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), केरळी मार्थोमा, पेंटेकोस्टल सगळे थोड्या थोड्या अंतरावर आहेत आणि एकत्र बसायची जागा सापडत नाही. ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा १८ ते २५ जानेवारीला असतो. हीच पंगत त्यात एकदा घाला. फेब्रुवारीत नको, बाळ येशूच्या यात्रेत नाशिकरोडला हॉल मिळत नाही आणि स्वयंसेवकही.

न आलेल्यांचं मात्र वरच्या योजनेत राहून गेलं आहे. साधारण इ. स. १५५ मध्ये जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की उपासनेत वाटलेलं सेवक गैरहजर असलेल्यांच्या घरी पोचवत. ते संस्काराबद्दल आहे, पण जेवणालाही लागू करता येतं. अंथरुणाला खिळलेले, रात्रपाळीवाले, प्रसूत झालेल्या बाई, यांची यादी बुधवारीच करा. डबे सगळ्यात आधी भरा, ६.१५ ला दुचाकीवरून पाठवा, उरलेलं नंतर देऊ असं नको. पोचवणारा तिथे पाच मिनिटं बसून घासभर बरोबर खाईल एवढी माणसं नेमा. तो परत येईपर्यंत त्याच्या गटाने त्याचं ताट वाढून ठेवावं.

पळी_पातेलं

डबे आधी, हे शंभर टक्के. दहा डबे धरले तर तांदूळ पाऊण किलो आणि डाळ-मटकी पावशेर-पावशेर वाढवा. भाकऱ्या पंधरा जास्त, म्हणजे तीन घरं वाढवा.

शरणपूर_रोड

वल्हांडणाबद्दल. सरळ सांगतो, करू नका.

येशूचं शेवटचं भोजन वल्हांडणाच्या सणात झालं हे खरं. पण आज "सेदेर" (वल्हांडणाच्या रात्रीचं विधिवत भोजन) म्हणून जे दाखवलं जातं, चार प्याले, ठरावीक क्रमाचं ताट, प्रश्नोत्तरं, त्याचा आजचा साचा इ. स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर रब्बींच्या परंपरेत घडत गेला. म्हणजे "येशूने जेवलं तसं" म्हणून आपण करणार ते बरंचसं नंतरचं असतं. दुसरं, तो कोणाचा तरी जिवंत सण आहे. आपल्या महाराष्ट्रात बेने इस्राएल हा मराठी ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या तो पाळतो. त्यांची मराठी हग्गादा (त्या रात्री वाचायची पोथी) १८७४ साली पुण्यात छापली गेली आहे. शेजाऱ्याचा सण आपल्या सोयीने, आपले अर्थ लावून, हॉलमध्ये प्रयोगासारखा करणं बरं दिसत नाही. शिकायचंच असेल तर संडेस्कूलमध्ये वल्हांडणाची मूळ कथा, निर्गम १२, वाचा, किंवा कोणी ओळखीचं असेल आणि त्यांनी बोलावलं तर पाहुणे म्हणून जा.

एक राहिलं. पहिल्याच वेळी चिठ्ठ्यांवरून कुरबुर होईल. "आम्हाला वेगवेगळं का बसवलं" असं दोन-तीन घरं म्हणणारच. त्यासाठी आधीच्या रविवारी सूचनांमध्ये सांगून ठेवा, आणि पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर पहिली चिठ्ठी काढावी. कोणी हट्टाने रंग बदलला तर बदलू द्या, वाद घालू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत आपोआप निवळतं. मोबाईल गोळा करायची टोपली वगैरे मात्र ठेवू नका, शाळेसारखं वाटतं. शेजाऱ्याला वाढायचं असलं की हात तसेही मोकळे राहत नाहीत.

महिन्याच्या प्रीतिभोजनालाही हीच पद्धत लावायची तर पदार्थ आणखी कमी करा. खिचडी आणि ताक पुरे. ८० जणांना तांदूळ ५ किलो, मुगाची डाळ अडीच. दर महिन्याला गुरुवारसारखा घाट घातला तर चौथ्या महिन्यात लोक दमतात आणि बुफे परत येतो.

नाशिकरोडकर

कमिटीत मांडलं. चिठ्ठ्या, शाकाहारी, स्वयंपाकघर ६.३० ला बंद, हे तिन्ही मंजूर. वल्हांडण रद्द. मटण रविवारी, एकमताने. शेवटचं एक: प्रभुभोजनासाठी आम्ही न आंबवलेला द्राक्षरस वापरतो, दर वेळी बाटलीतला. नाशिकमध्ये राहून बाटलीतला आणायचा हे आमच्या महिला मंडळाला खटकतं. घरी केला तर टिकतो का?

पळी_पातेलं

टिकतो, उष्णता दिली तर. कच्चा रस काढून नुसता ठेवला तर सालीवरच्या यीस्टमुळे नाशिकच्या उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत फसफसायला लागतो. अमेरिकेत १८६९ साली थॉमस वेल्च यांनी प्रभुभोजनासाठीच रस तापवून हा प्रश्न सोडवला. बाटलीतला रस आला तो तिथूनच.

काळी द्राक्षं अडीच किलो घ्या. हंगाम एप्रिलपर्यंत असतोच. फवारणी असते म्हणून मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. देठ काढा, देठाने तुरटपणा येतो. स्टीलच्या पातेल्यात हाताने कुस्करा. ॲल्युमिनियम किंवा लोखंड नको, आंबट रसाने धातूची चव उतरते. मंद आचेवर ७५ ते ८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं, कडेने बुडबुडे दिसले की आच कमी, खळखळ उकळू देऊ नका, नाहीतर जॅमसारखा वास येतो. मलमलच्या फडक्यातून आपोआप गळू द्या, पिळलं की गढूळ होतो. साखर घालू नका. दीड लिटरच्या आसपास मिळेल. छोट्या पेल्यांत माणशी १५ मिली धरलं तर ८० जणांना सव्वा लिटर लागतो, तेव्हा पुरतं.

बाटल्या आधी पाण्यात दहा मिनिटं उकळून घ्या, रस गरम असतानाच भरा, गार झाल्यावर फ्रीजमध्ये. मंगळवारी केला तर गुरुवारी अगदी ताजा, पाच दिवसांच्या पुढे नेऊ नका. तळाला खड्यासारखं काही दिसलं तर घाबरू नका, द्राक्षातल्या आम्लाचे स्फटिक असतात ते. ओतताना शेवटचा बोटभर रस बाटलीतच राहू द्या.